गिरणीवरचा रेमेडियल वर्ग: पैसे वसूल, फक्त ती हाऊजी बंद करा

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं मत कुठून आलंय ते कळेल. लातुरात मेडिकलच्या काउंटरवर माझी 11 वर्षं गेली. बारावी सायन्स 2011 ची, पुढं घरची ओढाताण, शिक्षण सुटलं. 2022 ला बायकोनं मागं लागून डी.फार्म.चा, म्हणजे फार्मसी डिप्लोमाचा, फॉर्म भरायला लावला. सकाळी कॉलेज, दुपारी चार ते रात्री दहा दुकान. वर्गातली पोरं पहिल्याच आठवड्यात मला मामा म्हणायला लागली. पहिलं वर्ष कसंबसं निघालं. दुसऱ्या वर्षाला, 2024 च्या उन्हाळी परीक्षेत फार्माकॉलॉजी, म्हणजे औषध शरीरात काय करतं तो विषय, राहिलं. पेपरात 80 पैकी 27, सेशनलचे, म्हणजे कॉलेजातल्या परीक्षांचे, 11, झाले 38. पासिंग 40 ला. फार्मसी लॉसुद्धा राहिला. त्याचं दुःख कमी, लाज जास्त. कारण कायदा कशाचा, तर मी रोज जे करतो त्याचाच.

लातुरात क्लासला तोटा नाही. ट्यूशन एरियात सकाळी सहाला गेलात तर सायकल उभी करायला जागा मिळत नाही. पण ते सगळं नीटवाल्यांचं. ज्याला 95 टक्के आहेत त्याला 98 वर कसं न्यायचं यात आमचं गाव पटाईत. 38 वाल्याला 40 वर नेतो असा बोर्ड मी तरी कुठं बघितला नाही. नापास झालेल्यांसाठीचा हा रेमेडियल वर्ग मला दुकानात येणाऱ्या एका एमआरनं, म्हणजे औषध कंपनीच्या माणसानं, सांगितला. याला पण बोर्ड नाही. फार्मसी कॉलेजातून निवृत्त झालेल्या एक मॅडम आणि त्यांच्या हाताखाली एम.फार्म. झालेली दोन पोरं, पिठाच्या गिरणीवरच्या हॉलमध्ये रविवारी दहा ते दोन शिकवतात. मॅडमना जाहिरात नको आहे म्हणून नाव लिहीत नाही. पोळा झाल्यावर सुरू, दिवाळीच्या आत संपतो. आठ रविवार, फी 2,500 रुपये, दोन हप्त्यांत चालते.

पहिल्या रविवारी पुस्तक उघडलंच नाही. टेबलावर रिकाम्या स्ट्रिपा आणि बाटल्यांचा ढीग ओतला आणि एकेकाला बोलावून विचारायला सुरुवात केली, हे काय, कशासाठी, पोटात गेल्यावर काय करतं. पहिल्या दोन प्रश्नांना मी सुसाट. टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, बीपीचं. पॅन-डी म्हणजे पँटोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन, सकाळी उपाशीपोटी. तिसऱ्या प्रश्नाला सगळीकडं गप्प. मॅडम म्हणाल्या, "अहो दादा, तुम्हाला अर्धा विषय येतो. नेमका पेपरात विचारत नाहीत तो अर्धा." हसले सगळे, पण मला वाईट नाही वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी मला काहीतरी येतं असं म्हणालं होतं.

मग चुकांची वही. ही या वर्गातली सगळ्यात कामाची गोष्ट आणि यात खेळबिळ काही नाही. आपण नापास झालेल्या विषयाचा जुना पेपर वर्गातच परत सोडवायचा. मार्क जिथं गेले ती प्रत्येक जागा वहीत उतरवायची आणि पुढं चारपैकी एक अक्षर लिहायचं: वा, वि, स, इं. वाचलंच नव्हतं. वाचलं होतं पण विसरलो. समजलंच नव्हतं. समजलं होतं पण इंग्रजीत मांडता आलं नाही. मला वाटत होतं माझं सगळं 'वि' निघणार, वय झालं, डोक्यात राहत नाही. निघालं भलतंच. 'वि' थोडेच. 'स' बऱ्यापैकी, त्यातही अर्धेअधिक एकाच धड्यातले, ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टिमचे, म्हणजे लाळ, आतडं असली आपोआप चालणारी कामं बघणाऱ्या नसांचे. आणि 'इं' सगळ्यात जास्त. म्हणजे रात्री दीडपर्यंत जागून मी जे पाठ करत होतो ते त्या आजाराचं औषधच नव्हतं.

'इं' वर उपाय साधा आणि कंटाळवाणा. कुठलंही औषध घ्या, पाच ओळी लिहा: कुठल्या गटातलं, काम कसं करतं, कशाला वापरतात, त्रास काय होतो, कुणाला द्यायचं नाही. प्रत्येक ओळीत एकच क्रियापद. अलंकारिक इंग्रजी लिहिलं की मॅडम खोडतात. दर रविवारी दहा औषधं, घरून लिहून आणायची. आणली नाहीत तर खेळात घेत नाहीत, पाणी वाटायला लावतात. मी दोनदा पाणी वाटलंय.

आता खेळ. लोक याच वर्गाला 'तो खेळवाला क्लास' म्हणतात. माझं मत असं आहे की खेळाचा नियम आणि औषधाचा नियम एकच असला तर तो खेळ जन्मात विसरत नाही. नसला तर दोन तास टाइमपास. दोन्ही प्रकार इथं आहेत.

चांगल्यातला चांगला म्हणजे तिसऱ्या रविवारची संगीत खुर्ची. हॉलमध्ये दहा खुर्च्या गोलात मांडल्या. सहांना लाल कापड, चारांना निळं. प्रत्येक खुर्चीला सायकलची घंटी बांधलेली. लाल म्हणजे मस्करिनिक रिसेप्टर, निळी म्हणजे निकोटिनिक. रिसेप्टर म्हणजे नसेचा निरोप येऊन बसतो ती जागा. आठजणांच्या छातीवर चिठ्ठी लावली, ॲसिटिलकोलीन, म्हणजे तो निरोप नेणारं रसायन. यांनी खुर्चीत बसायचं आणि घंटी वाजवायची. घंटी वाजली म्हणजे काम झालं: लाल वाजली की लाळ सुटली, डोळ्याची बाहुली बारीक झाली, आतडं हललं. निळी वाजली की स्नायू आखडला. निलंग्याचा एक दांडगा पोरगा झाला कोलिनएस्टरेज, म्हणजे ते रसायन तोडणारं एन्झाइम. त्याचं काम, घंटी वाजली रे वाजली की बसलेल्याला दंडाला धरून उठवायचं, छातीवरची चिठ्ठी टरकन फाडून दोन तुकडे टोपलीत टाकायचे, एक ॲसिटेट, एक कोलीन. फाटलेल्यानं दारातून नवीन चिठ्ठी लावून परत यायचं. पाच मिनिटं असंच चाललं. घंटी वाजते, थांबते, वाजते, थांबते. मॅडम फळ्यापाशी उभ्या, काहीच बोलल्या नाहीत.

मग त्यांनी उदगीरच्या एका मुलीची ओढणी मागून घेतली आणि निलंगेकराचे दोन्ही हात मागं बांधले. म्हणाल्या, "हे मोनोक्रोटोफॉस. आता खेळा."

उठवणारं कुणी नाही म्हटल्यावर जे बसले ते बसूनच राहिले आणि घंट्या वाजवतच राहिले. दारातून नवे येतच होते, जागा मिळंना म्हणून एकमेकांच्या मांडीवर बसले. असला कालवा झाला की खालून गिरणीवाले काका पीठभरल्या हातानं वर आले आणि विचारले, "काय झालं ओ मॅडम, कुणाला लागलं का?" मॅडमनी त्यांना पण उभं केलं आणि फळ्यावर एकेक लिहीत गेल्या: लाळ, डोळ्यात पाणी, उलटी, संडास, लघवी आवरत नाही, छातीत कफाचा घरघराट, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, अंगभर स्नायू फडफडतात. काका म्हणाले, "हे तर फवारणीचं औषध पोटात गेल्यावर होतंय की." मोनोक्रोटोफॉस म्हणजे तेच, फवारणीचं औषध. काकांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

मला पण नव्हतं. पण मी हे बघितलं होतं. 2017 ला माझे सख्खे चुलते कापसावर फवारणी करून आले आणि बांधावरच पडले. अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला नेलं. रात्रभर मी कॉटपाशी. डॉक्टर थोड्या थोड्या वेळानं यायचे, ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचं औषध, द्यायचे, छातीला स्टेथो लावायचे, काखेत हात घालून बघायचे आणि परत द्यायचे. मी मेडिकलवाला, मला वाटलं डोस मोजत कसे नाहीत हे? आणि काखेत काय बघतात? विचारायची हिंमत झाली नाही. चुलते वाचले, आजही शेतात जातात. तो प्रश्न मात्र सात वर्षं तसाच पडून होता.

खुर्च्यांकडं परत येतो. मॅडमनी पाचजण पाठवले, छातीवर ॲट्रोपिन. यांनी लाल खुर्चीत बसायचं पण घंटीला हात लावायचा नाही. नुसती जागा अडवायची. बसले, आणि लाल घंट्या हळूहळू गप्प झाल्या. फक्त निळ्या वाजत राहिल्या, कारण तिथं ॲट्रोपिनला बसायची परवानगीच नव्हती. कफ थांबला तरी स्नायू का फडफडतो, याचं उत्तर कानानं ऐकायला आलं. मग मॅडमनी दारातून आणखी चार ॲसिटिलकोलीन सोडले. गर्दी वाढल्यावर त्यांनी रेटून रेटून ॲट्रोपिनच्या दोघांना खुर्चीवरून खाली पाडलं. घंटी परत सुरू. मॅडम म्हणाल्या, "आता काय करायचं?" मी मागून ओरडलो, "आणखी ॲट्रोपिन!" काखेतला घाम आणि छातीतला कफ सुकेपर्यंत देत राहायचं, आकडा आधी ठरवून नाही. माझ्या डोळ्यासमोर तो अंबाजोगाईचा वॉर्ड आला. हात थरथरत होता माझा. पोरांना वाटलं मामा खेळात रंगले.

शेवटी ओढणीवाली मुलगीच प्रॅलिडॉक्झिम झाली, म्हणजे पाम, कोलिनएस्टरेजला विषापासून सोडवणारं औषध. तिनं येऊन गाठ सोडली, निलंगेकराचे हात मोकळे झाले आणि त्यानं दोन मिनिटांत सगळ्यांना उठवून चिठ्ठ्या फाडल्या, निळ्या खुर्च्या पण शांत. दुसऱ्या डावाला मॅडमनी काय केलं, गाठीवर तांब्यातलं पाणी ओतलं आणि ओढून घट्ट केली. दहा मिनिटं थांबल्या, मग पामला पाठवलं. ओल्या सुताची गाठ, नखानं निघते का? शेवटपर्यंत निघाली नाही. याला पुस्तकात एजिंग म्हणतात. पाम उशिरा दिलं तर उपयोग का होत नाही, हा प्रश्न मला आता झोपेत विचारा. ओढणीची मात्र वाट लागली, मुलगी आठवडाभर बोलली नाही मॅडमशी.

पत्त्यांचा खेळ दुसऱ्या नंबरला. भिकार सावकारच, पण पत्त्यावर आकड्याऐवजी औषधाचं जेनेरिक नाव. शेपूट, म्हणजे नावाचा शेवट, जुळलं की ढीग आपला, कारण शेपूट एक तर औषधाचा गट बहुतेक एक. प्रिलवर प्रिल, सार्टनवर सार्टन, ओलोलवर ओलोल, डिपिनवर डिपिन. एनालाप्रिल पडलं आणि पुढच्यानं रामिप्रिल टाकलं की उचला. गंमत पुढं आहे. गड्डीत काही ठग आहेत. रॅबेप्राझोलवर ॲरिपिप्राझोल पडलं की शेपूट सेम दिसतं, हात जातोच. पण एक ॲसिडिटीचं, दुसरं मानसिक आजाराचं. उचललं की हातातला सगळा ढीग समोरच्याला द्यायचा. कार्बिमॅझोल थायरॉइडचं, क्लोट्रिमॅझोल बुरशीचं, तिथंही तेच. मी पहिल्या डावात भिकारी झालो. पण त्याच आठवड्यात दुकानात एक चिठ्ठी आली, फोनवर काढलेला फोटो, वरचा कागद कापलेला, अक्षर म्हणजे मुंगी शाईत बुडवून सोडलेली. शेवटी 'प्राझोल 10' एवढंच लागत होतं. आधीचा मी असतो तर ॲसिडिटीचं काढून दिलं असतं. त्या दिवशी म्हटलं, ताई, डॉक्टरचा नंबर द्या. ते दुसरंच निघालं. एवढ्यासाठी 2,500 मधले 1,000 तरी वसूल.

फार्मसी लॉची सापशिडी अर्धी चांगली. सापशिडीचा मूळ खेळ मोक्षपट, तो ज्ञानेश्वर माउलींनी केला असं आपल्याकडं सांगतात, आणि माउली आपल्या पैठणजवळच्या आपेगावचे. म्हणजे खेळ घरचाच. शिड्या कुठल्या, तर शेड्यूल एच1 चं, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायचं आणि नोंद ठेवायचं, औषध देताना रजिस्टरमध्ये डॉक्टर, पेशंट, औषध आणि किती दिलं ते लिहिलं, रजिस्टर तीन वर्षं सांभाळलं. साप कुठले, तर चिठ्ठी नसताना शेड्यूल एच, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायचं औषध, दिलं. सगळ्यात लांब साप 97 वर: रजिस्टर्ड फार्मासिस्ट हजर नसताना औषध दिलं, 1948 चा फार्मसी ॲक्ट, कलम 42. थेट 4 वर. त्या सापाच्या तोंडात मी किती वर्षं बसलोय ते माझं मला माहीत. सर्टिफिकेट भिंतीवर, माणूस दुसऱ्या गावाला आणि काउंटरवर आम्ही, अशी दुकानं मी आतून बघितली आहेत. त्याचसाठी तर डी.फार्म. करायला घेतलं. पण फासा पडेल तसं वर-खाली जायचं यात कायदा डोक्यात बसत नाही, आकडा बसतो. कायद्यात नशिबाचं काय काम? इन्स्पेक्टर कोणत्या दिवशी येईल ते सोडलं तर.

आणि हाऊजी. फार्माकोग्नॉसीसाठी, म्हणजे औषधी वनस्पतींच्या विषयासाठी, तिकिटावर आकड्यांऐवजी वनस्पतींची लॅटिन नावं. पुकारा झाला की खोडायचं. पहिली ओळ, दुसरी ओळ, फुल हाउस, पेन बक्षीस. मला पेन मिळालं. वनस्पती एक कळली नाही. हा शुद्ध टाइमपास आहे आणि मी वहीत तसं लिहून दिलंय. सदाफुली प्रत्येकाच्या दारात आहे, तिच्यातून व्हिन्क्रिस्टिन निघतं, कॅन्सरचं. धोत्रा उकिरड्यावर आहे आणि त्यात तेच ॲट्रोपिनचं कुटुंब, ज्यानं आमचे चुलते वाचवले. अडुळसा बांधावर. एक रविवार पोरांना औसा रोडनं एखाद्या मळ्यात फिरवा की. मॅडम म्हणाल्या बघू. बघू म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे.

एक गोष्ट माझ्या विषयात नव्हती तरी सांगतो, कारण ती मला स्वतःला भारी वाटली. वर्गात बी.फार्म.ची पण पोरं येतात. त्यांच्यात बायोलॉजीवाल्यांना पहिल्या सेमिस्टरला रेमेडियल मॅथेमॅटिक्स असतं आणि मॅथ्सवाल्यांना रेमेडियल बायोलॉजी, म्हणजे रेमेडियल हा शब्द त्यांच्या अभ्यासक्रमातच आहे, आमच्यासारखा शिक्का नाही. त्यांना ॲलिगेशन येईना. 95 टक्क्यांचं आणि 45 टक्क्यांचं अल्कोहोल मिसळून 60 टक्क्यांचं करायचं, किती-किती घ्यायचं? फळ्यावर फुली काढून सरांनी दोनदा सांगितलं, चेहरे कोरे. मॅडमनी विचारलं, "डेअरीला दूध कोणाकोणाच्या घरून जातं?" मी हात वर केला. मला फळ्यापाशी बोलावलं. म्हशीचं दूध 6 फॅट, गाईचं साडेतीन, मला साडेचारचं पाहिजे. हे गणित आमची आई चुलीपुढं करते, तिची शाळा दुसरी. डावीकडं वर 6, खाली 3.5, मधोमध 4.5. तिरकं वजा करा. साडेचारातून साडेतीन गेले, राहिला 1, तेवढे भाग म्हशीचे. सहातून साडेचार गेले, राहिला दीड, तेवढे भाग गाईचे. म्हणजे दोनास तीन. दहा लिटर पाहिजे तर चार लिटर म्हशीचं, सहा गाईचं. मग आकडे पुसून 95, 45 आणि 60 लिहिले. 15 आणि 35, म्हणजे तीनास सात. उदगीरची मुलगी म्हणाली, "मामा, एवढंच होतं का हे?" एवढंच होतं. अकरा वर्षांत दुकानात मला मालकानं फळी पुसायला सांगितलंय, फळ्यावर लिहायला कुणी नाही.

तक्रारी. हॉल पत्र्याचा आहे, सप्टेंबरचं ऊन पडलं की बाराच्या पुढं डोकं चालत नाही. खाली गिरणी सुरू झाली की फरशी थरथरते आणि मागच्या तीन रांगांना काही ऐकू येत नाही, तेव्हा लवकर जाऊन पुढं बसा. लाइट गेली की पंखा बंद, गिरणी पण बंद. तेवढा वेळ ऐकू छान येतं. लेडीज टॉयलेट खालच्या मजल्यावर घरमालकाच्या घरातून आहे, मुलींना ते अवघड जातं, हे खरंच बघायला पाहिजे. एम.फार्म.च्या दोघांपैकी एक सर चांगले, दुसरे खेळ चालू असताना मोबाइलमध्ये. पोरं पण काही कमी नाहीत. खेळायला हजर आणि दीडला उत्तरं लिहायची वेळ आली की पोटात दुखतं. त्यातला एक यंदा परत राहिला. खुर्च्या त्यानंच मांडल्या होत्या.

माझा निकाल: हिवाळी परीक्षेत फार्माकॉलॉजीला 80 पैकी 39, सेशनल तेच 11, एकूण 50. लॉ 44. फार मोठे मार्क नाहीत, पण पेपरात काँपिटिटिव्ह अँटॅगोनिझम, म्हणजे तीच एका खुर्चीसाठी दोघांची रेटारेटी, आला आणि मी लिहिताना मनात घंट्या ऐकत होतो. पाच ओळी, प्रत्येकीत एक क्रियापद.

जायचं असेल तर पोळ्याच्या आठवड्यात बार्शी रोडला जाऊन गिरणीवाल्या काकांना विचारा, नाव तेच लिहून घेतात. जागा 20. नापास झालेल्या विषयाचा जुना पेपर सोबत न्या, डबा न्या, पाणी घरचं न्या. आणि मुलींनो, ओढणी जुनी घालून जा.